कारंजाचीं हस्तलिखितें आणि मुद्रणसिद्धीची स्वयंचलित रीति

कारंजा लाड हें वऱ्हाडांतील गांव श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान म्हणून सर्वश्रुत आहे. संशोधकांस तें आणखी एका कारणानें परिचित आहे. तें म्हणजे बलात्कारगण, सेनगण व काष्ठासंघ ह्या तीन परंपरांच्या जैन मंदिरांतील ग्रंथभांडारें. रायबहादुर हिरालाल यांची मध्यप्रांत व वऱ्हाडांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ सालीं नागपुरास प्रसिद्ध झाली, तींत ह्या पोथ्यांची नोंद आहे. पुढें पुष्पदंताचें जसहरचरिउ डॉ. प. ल. वैद्य यांनीं १९३१ सालीं, आणि णायकुमारचरिउ डॉ. हिरालाल जैन यांनीं १९३३ सालीं संपादिलें. हे हिरालाल सूचीकारांहून वेगळे. त्यांनींच कनकामराचें करकंडचरिउ १९३४ सालीं प्रसिद्ध केलें. अपभ्रंश भाषेच्या अभ्यासास ह्या ग्रंथांनीं केवढें साहाय्य झालें, हें वाचकांस सांगावयास नको.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ग्रंथांचा आशय नसून त्यांची मुद्रणसिद्धि हा आहे. जसहरचरिउ व णायकुमारचरिउ यांच्या दुसऱ्या आवृत्त्या भारतीय ज्ञानपीठानें १९७२ सालीं काढिल्या. खिळ्यांच्या छापखान्यांत फर्मा छापून झाला कीं जुळणी सोडून खिळे पुन्हां आपापल्या घरांत टाकीत. म्हणून नवी प्रत उपलब्ध झाली, तर सारा ग्रंथ नव्यानें जुळवावा लागे, आणि नव्या जुळणीबरोबर नव्या चुकाहि येत.

संगणक आल्यानें ही अडचण आपोआप दूर झाली, असा समज आढळतो. तो बरोबर नाहीं. एका लहान प्रकरणाच्या मुद्रणांत आम्हीं पाठभेदांच्या टीपांस ओळींचे क्रमांक हातानें घातले होते. शेवटचीं मुद्रितें तपासतांना मूळांतील एक ओळ गळलेली दिसली. ती घालतांच त्या कडवकांतील पुढची प्रत्येक टीप एका ओळीनें चुकीची झाली, आणि शब्दसूचीहि बिघडली. दोष आमचाच होता. शुद्धिपत्र जोडून आम्हीं तो कबूल केला. परंतु शुद्धिपत्र किती वाचक पाहतात?

ह्यावर उपाय असा कीं, जें हातानें लिहावयाचें तें एकदांच लिहावें, आणि त्यापासून जें निष्पन्न होतें तें नियमानें निष्पन्न होऊं द्यावें. मूळ पाठ, प्रत्येक प्रतीचें वाचन व संपादकाचा निर्णय हीं हातानें लिहावयाचीं. ओळींचे व पानांचे क्रमांक, पाठभेदांची मांडणी, शब्दसूची व अनुक्रमणिका हीं निष्पन्न होणारीं.

ह्या कामीं उपयोगी पडणारी टेक् ही अक्षरजुळणीची पद्धति डोनाल्ड क्नुथ यांची. १९७७ सालीं स्वतःच्या ग्रंथाचीं मुद्रितें पाहून असंतुष्ट झाल्यामुळें त्यांनीं ती रचण्यास घेतली. जॉन लॅव्हॅग्निनो व संस्कृतज्ञ डॉमिनिक वुयास्टिक यांनीं चिकित्सक आवृत्त्यांसाठीं तिला एडमॅक ही जोड दिली. आजची रेलेडमॅक तिचीच वंशज होय. २००४ सालच्या झीटेक्‌मुळें देवनागरी अक्षरें सरळ लिहून तशींच छापतां येऊं लागलीं.

तथापि टेक् एकदां चालवून भागत नाहीं. कोणती ओळ कोणत्या पानावर पडली, हें पहिल्या फेरींत कळतें व एका बाजूच्या फाइलींत नोंदलें जातें. दुसऱ्या फेरींत ती नोंद वाचून टीपांस योग्य क्रमांक मिळतात. क्रमांकांची लांबी बदलून ओळी सरकल्या, तर तिसरी फेरी लागते. ह्या नोंदी स्थिर होईपर्यंत फेऱ्या घेण्याचें काम लेटेक्‌एम्‌के हें साधन करितें.

सर्व टप्पे जोडणारें साधन म्हणजे मेक. स्टुअर्ट फेल्डमन यांनीं तें १९७६ सालीं बेल प्रयोगशाळेंत रचिलें. त्याला तीन गोष्टी सांगावयाच्या: काय सिद्ध करावयाचें, तें कशापासून होतें, आणि कोणत्या कृतीनें. सिद्ध वस्तूपेक्षां तिचें साधन नवें असेल, तर ती वस्तु शिळी समजून मेक ती पुन्हां करितें. ताजीला हात लावीत नाहीं. नवी प्रत मिळाली, तर तिच्या वाचनाची फाइल ठेवावी, साधनांत तिचें नांव जोडावें व एक आज्ञा द्यावी. पाठभेद, क्रमांक व सूची नव्यानें तयार होतात.

येथें एक धोका सांगणें अवश्य आहे. मेकला न सांगितलेलें साधन त्याला ठाऊक नसतें. अपभ्रंश पोथ्यांत ब च्या जागीं पुष्कळदां व लिहिलेला असतो. पोथीचें लेखन वाचनाच्या फाइलींत जसेंच्या तसें ठेवून छापील पाठापुरता ब करावा, हें उत्तम. त्यासाठीं शब्दांचें कोष्टक लागतें, कारण सरसकट बदल केल्यास खरा वहि नाहींसा होईल. आतां हें कोष्टक साधनांत नोंदविलें नाहीं, तर तें सुधारूनहि ग्रंथ जुनाच राहतो, आणि मेक तो ताजा म्हणून सांगतें. म्हणून अंतिम मुद्रणापूर्वीं सर्व निष्पन्न फाइली काढून टाकून ग्रंथ मुळापासून एकदां सिद्ध करावा, असा आमचा आग्रह आहे.

कोणता पाठ ग्राह्य, हें यंत्र सांगत नाहीं. चुकीचें वाचन तें तितक्याच निष्ठेनें शंभर ठिकाणीं छापील. संपादकाची जबाबदारी ह्यानें कमी होत नाहीं. तिच्यावरील हमालीचें ओझें तेवढें कमी होतें.

पोथ्यांच्या संग्राहकांस आमची विनंती अशी: प्रत्येक प्रतीची नक्कल साध्या मजकुराच्या स्वतंत्र फाइलींत करावी, पत्र व ओळ नोंदावी, प्रतीचें संकेताक्षर ठरवावें, आणि पोथींतील अशुद्धें नकलेंत सुधारूं नयेत. भांडारांतील पोथी दुसऱ्यांदा हातीं येईलच असा भरंवसा नसतो. कीड व दमट हवा कोणाची वाट पाहत नाहीं. एकदां नीट उतरलेलें वाचन पुढील प्रत्येक आवृत्तींत आपोआप उतरेल, अशी सोय आज आपल्या हातीं आहे. कारंजाच्या भांडारांस तिचा लाभ मिळावा, एवढीच इच्छा.