उपग्रह-रडारद्वारे सागरी लाटांचे मापन : पर्जन्याचा अडथळा व त्याचे निवारण

मीरा-भाईंदर परिसरातील उत्तन, पाली, चौक येथील नौका पावसाळी मासेमारीबंदीनंतर ऑगस्टमध्ये पुन्हा समुद्रात उतरतात, तेव्हा पाऊस संपलेला नसतो. हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ ही संस्था लाटांचे पूर्वानुमान प्रसृत करते. अशा पूर्वानुमानाच्या पडताळणीसाठी उपग्रहीय रडारच्या नोंदी उपयोगी पडतात. या नोंदी पावसात कितपत विश्वसनीय असतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. रडार ढगांतून आरपार पाहते, असे आपण वर्गात सहज सांगतो. ते अर्धेच खरे आहे.

उंचीमापक रडार सरळ खाली सूक्ष्मतरंगांचे स्पंद सोडते. समुद्र शांत असल्यास परतणाऱ्या स्पंदाची तीव्रता एकदम चढते. लाटा उंच असल्यास माथ्यांवरून आधी आणि खोलगटांतून नंतर परावर्तन होते, त्यामुळे हा चढ मंदावतो. त्यावरून लाटांची उंची काढली जाते.

येथे दोन परिणामांची गल्लत होऊ नये. कोरड्या हवेमुळे अंतर सुमारे २.३ मीटरने अधिक भासते. बाष्पामुळे त्यात आणखी काही सेंटिमीटरांची भर पडते. समुद्रपातळी मोजताना ही दुरुस्ती अनिवार्य ठरते. लाटांच्या बाबतीत मात्र संपूर्ण स्पंदच उशिरा येत असल्याने त्याचा आकार बदलत नाही. आकार बिघडवतो तो पाऊस. रडारखालील क्षेत्राच्या एकाच भागावर सर कोसळत असेल, तर तेथील ऊर्जा थेंबांत शोषली व विखुरली जाते आणि चढाचे गणित चुकते.

इस्रो व फ्रान्सची सीएनईएस यांच्या ‘सरल’ उपग्रहावरील (प्रक्षेपण २५ फेब्रुवारी २०१३) ‘अल्टिका’ रडार ३५.७५ गिगाहर्ट्झवर चाले. आयनांबराचा परिणाम वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून १३.६ गिगाहर्ट्झच्या तुलनेत तो सुमारे एक-सप्तमांश झाला. परंतु पावसाचा उपद्रव वाढला. १९९२ च्या ‘टोपेक्स-पोसायडन’वर १३.६ व ५.३ अशा दोन वारंवारता होत्या. वरची अधिक क्षीण झाली की पाऊस ओळखता येई. अल्टिकाला ही सोय नव्हती. तेथे लागोपाठच्या स्पंदांच्या तीव्रतेतील अचानक चढउतारांवरून पाऊस ताडावा लागे. जोडीच्या किरणमापकाकडून ढगांतील जलांशाचा अंदाज मिळे.

अशा रीतीने संशयास्पद ठरलेल्या नोंदी बहुधा वगळल्या जातात. चुकीच्या आकड्यापेक्षा रिकामी जागा बरी, हे मान्य. तथापि वगळल्या जाणाऱ्या नोंदी नेमक्या वादळी हवेतल्या असतात, हे विसरता येत नाही. सुरुवातीच्या वर्षांत सरल त्याच मार्गावर ३५ दिवसांनी परते. ऑगस्टच्या आरंभी एखाद्या मार्गावरील नोंद पावसामुळे बाद झाली, तर त्या मार्गावरील पुढची नोंद सप्टेंबरातच मिळे.