झिपचा पासवर्ड किती पक्का?

पगाराची पावती, वैद्यकीय अहवाल, पॅनकार्ड असं सगळं एका झिप फाइलमध्ये घालून, पासवर्ड लावून पाठवणारे पुष्कळ आहेत. सवय चांगलीच आहे. पण झिपमध्ये मजकूर कुलूपबंद करण्याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत आणि त्यांतली सगळ्यात जुनी, झिपक्रिप्टो, फार कच्ची आहे.

एली बिहॅम आणि पॉल कोचर यांनी ती १९९४ मध्येच फोडून दाखवली. आतल्या मजकुराचे डझनभर बाइट आधी ठाऊक असले, की पासवर्ड न शोधताही फाइल उघडता येते. आणि ते ठाऊक असणं अवघड नाही: प्रत्येक पीएनजी चित्राचे पहिले १६ बाइट सारखेच असतात! असं चित्र झिपमध्ये न दाबता तसंच ठेवलेलं असेल, तर पासवर्ड कितीही लांब असो, उपयोग शून्य.

म्हणून एईएस-२५६ ही पद्धत निवडा. सेव्हन-झिप या प्रोग्राममध्ये झिप प्रकार घेतला तर आधी झिपक्रिप्टोच निवडलेलं असतं. ते आपण बदलायचं. शिवाय झिपमध्ये फाइलींची नावं उघडीच राहतात. ‘कर्करोग तपासणी’ हे नावच सगळं सांगून टाकतं. त्याच प्रोग्राममधल्या सेव्हन-झेड प्रकारात नावंही झाकण्याची सोय आहे, ती जरूर वापरा.

पासवर्ड म्हणून जन्मतारीख मात्र नको. शंभर वर्षांच्या तारखा जेमतेम ३६,५२५ भरतात. संगणक त्या सहज तपासून संपवतो. चार-पाच असंबद्ध शब्दांचा पासवर्ड घ्या आणि तो त्याच ईमेलमध्ये न लिहिता फोनवर सांगा.