काळीवर आलेली घरं

शिरूर-दौंडकडच्या जुन्या गावठाणात फिरताना पडके वाडे दिसतात. माळवद कोसळलेलं असतं, तुळया कधीच विकल्या गेलेल्या असतात, भिंतीतली पांढरी माती पावसाने वाहून गेलेली असते. जोतं मात्र जागच्या जागी असतं. ओळंबा लावून पाहिला तरी घडीव दगडांच्या थराला खोट काढता येत नाही. गावाबाहेर मळ्यात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा स्लॅबचा बंगला असतो. त्याच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर छतापर्यंत गेलेली असते आणि मागच्या खोलीचं दार पावसाळ्यात लागत नाही. जुने लोक पक्कं काम करायचे, आताचे ठेकेदार चोर, असा निकाल पारावर लगेच लागतो. मला तो अर्धाच पटतो. जुन्या गवंड्याने पाया मुरमापर्यंत नेला हे खरं. पण त्याच्याही आधी गाव पांढरीवर बसवायचं आणि काळी नांगरायला ठेवायची, हे ठरून गेलेलं होतं. गेल्या साठ वर्षांत आपण घरं काळीवर नेली. भेगांचा इतिहास तिथून सुरू होतो.

तसं पाहिलं तर या मातीशी इथल्या माणसाची ओळख फार जुनी. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, घोडनदीच्या काठी, डेक्कन कॉलेजच्या संकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी १९६८ ते १९८३ अशी दीड दशक उत्खननं केली. तीन हजार वर्षांपूर्वीची आणि त्याहूनही जुनी घरं तिथे सापडली. आधीची मोठी, चौकोनी, बुटक्या मातीच्या भिंतींची. नंतरच्या पडत्या काळातली लहान आणि गोल. वर कूड, लाकडी मेढी, गवताचं छप्पर. असं घर जमिनीबरोबर थोडं हललं तरी फारसं बिघडत नाही. कुडाला लिंपण केलं की काम भागतं. जमिनीने हलायचं आणि घराने मात्र हलायचं नाही, हा हट्ट सिमेंटबरोबर आला.

काळी हलते म्हणजे काय होतं? बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, पाणी गेलं की आकसते. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगानंतर त्या मिटतात, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. शेताच्या दृष्टीने ते चांगलंच. जमीन आपोआप नांगरल्यासारखी होते. घराचं मात्र अवघड होतं. फुगणाऱ्या मातीचा दाब एकमजली घराच्या वजनापेक्षा जास्त भरू शकतो, त्यामुळे हलकं पण ताठ घर आधी उचललं जातं. सगळं घर एकसारखं वर-खाली झालं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण एक कोपरा वर जातो, दुसरा जागेवर राहतो आणि मधली भिंत फाटते.

ही तफावत वाढवली ती कालव्यांनी. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. पूर्वी इथे माती वर्षातून एकदा भिजायची आणि एकदा वाळायची. साठच्या दशकात चिंचणीला घोड धरण झालं. नव्या मुठा उजव्या कालव्याने खडकवासल्याचं पाणी दौंडमार्गे इंदापूरकडे नेलं. पुढे चासकमानचा डावा कालवा शिरूरला आला. पाटसला भीमा आणि न्हावऱ्याला घोडगंगा असे साखर कारखाने उभे राहिले, ऊस वाढला. उसाच्या पैशाने बंगले झाले आणि तेही उसातच. घराच्या तीन बाजूंना बारमाही ओल, चौथ्या बाजूला सारवलेलं, कोरडं अंगण. पायाच्या दृष्टीने याहून वाईट मांडणी मुद्दाम करायची म्हटली तरी सुचायची नाही.

धरणांमुळे माणसंही हलली. पानशेत-वरसगावच्या डोंगरातल्या विस्थापितांना दौंड तालुक्यात जमिनी मिळाल्या. हात-दोन हात खणलं की कातळ लागायचा, अशा मुलखातून ही मंडळी या भारी मातीत आली. मग १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि दगड-मातीच्या घरावरचा विश्वास महाराष्ट्रभर उडाला. कॉलम म्हणजे मजबुती, असं समीकरण खेड्यापाड्यांत रुजलं. रांजणगावची औद्योगिक वसाहत वाढू लागली, नगर रस्त्यालगत शिक्रापूर, सणसवाडी, शिरूरपर्यंत प्लॉट पडले. चार फुटांवर फूटिंग, वर कॉलम, मध्ये विटा, हा साचा मुरमाड माळावरही वापरला आणि सात-आठ फूट काळी असलेल्या रानातही. खड्ड्याचा तळ सुकलेला, कठीण दिसला की गवंडी म्हणायचा, ‘कडक लागलं.’ मार्च-एप्रिलमध्ये काळी कडकच लागते.

चीड यावी अशी गोष्ट म्हणजे यावरचं ज्ञान तेव्हा हाताशी होतं. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने पन्नास-साठच्या दशकांत खालच्या टोकाला कंद असलेला पाइल विकसित केला. साधारण साडेतीन मीटरच्या खाली मातीची हालचाल जवळपास थांबते. तिथवर भोक घेऊन तळाशी खोडाच्या अडीचपट रुंदीचा कंद काढायचा, काँक्रीट ओतायचं आणि वरचा बीम जमिनीपासून तीनेक इंच उचलून ठेवायचा, म्हणजे माती खाली फुगली तरी त्याला टेकत नाही. त्याचं भारतीय मानकही सत्तरच्या दशकात निघालं. त्याच सुमारास मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी काळ्या मातीच्याच मागे लागले होते. फुगणाऱ्या मातीवर साधारण मीटरभर जाडीचा, न फुगणारा पण चिकटपणा असलेला थर दाबून बसवला की फुगवटा आवरला जातो, हे त्यांनी दाखवलं. कालव्यांच्या अस्तराखाली ही पद्धत वापरली गेली. आपला चांगला चिकट मुरूम या कामाला चालतो. वाळूला मात्र चिकटपणा नाही, ती उलट पाणी साठवते.

मुरूम भरायचा हे पुढे सगळ्यांना कळलं. कसा भरायचा ते कळलं नाही. काळीत खड्डा घेऊन सैल मुरूम ओतला तर पायाखाली हौदच तयार होतो. पावसाचं पाणी मुरमातून झटकन खाली उतरतं आणि भोवतीची काळी ते बाहेर जाऊ देत नाही. ‘मुरूम भरूनही चिरा पडल्या’ अशी तक्रार येते, तेव्हा बहुधा असंच झालेलं असतं.

खरी परीक्षा २०१२पासूनच्या वर्षांत झाली. २०१२-१३ आणि २०१५-१६ या दुष्काळांत बोअर आटले आणि एरवी ओली राहणारी खोलातली मातीही वाळली. २०१८ पुन्हा कोरडं गेलं, २०१९ला परतीचा पाऊस हटेना आणि २०२०च्या ऑक्टोबरमध्ये दौंड-इंदापूर पट्ट्यात ओढे घरांत शिरले. इतकी वर्षं न हललेली घरंही या झोक्यात हलली. २०२५ला तर मे महिन्यातच पावसाने गाठलं.

दुरुस्तीची रीतही याच काळात बदलत गेली. सुरुवातीला दिवाळीआधी चिरेत सिमेंट भरायचं, वर पुट्टी आणि रंग. मे उजाडला की चीर रंगाखालून पुन्हा वर. मग बाहेरून जादा कॉलम जोडायची टूम आली. नवा कॉलमही त्याच काळीवर उभा, त्यामुळे काही वर्षांनी तो जुन्या भिंतीपासून सुटायचा आणि एकाच्या दोन चिरा व्हायच्या. आता जाणते लोक आधी निदान करतात. चिरेवर आडवी, पातळ काचपट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवतात, चिरेच्या टोकाशी पेन्सिलने तारीख टाकतात आणि एक उन्हाळा, एक पावसाळा जाऊ देतात. काच तडकली तर चीर अजून जिवंत आहे. घरात लग्न ठरलेलं असतं, तेव्हा एवढा धीर धरायला मालकाची तयारी नसते.

पायाखाली पाया घालायचं काम पाहण्यासारखं असतं. भिंतीलगत तीन-चार फूट रुंदीचे खड्डे आखतात, पण सलग खोदत नाहीत; एक घेतला की पुढचे सोडतात, म्हणजे भिंत अधांतरी राहत नाही. मुरमापर्यंत उतरतात, काँक्रीट ओततात आणि जुन्या पायाच्या तळाशी तीनेक इंच जागा मोकळी सोडतात. काँक्रीट पक्कं झालं की त्या फटीत जेमतेम ओला केलेला, कोरडाच म्हणावा असा मसाला लाकडी ठोकळ्याने ठोकून ठोकून बसवतात. सगळं यश त्या फटीत असतं. ती घाईत भरली तर भिंत पुन्हा खाली बसते. मुरूम फारच खोल असेल तर दोन्ही बाजूंना पाइल घेऊन भिंतीखालून आडवे बीम घालावे लागतात. तो खर्च ऐकून बरेच जण पुन्हा पुट्टीकडे वळतात.

माझ्या मते यातलं काहीही करण्याआधी पाण्याचा बंदोबस्त करावा. न्हाणीचं पाणी जोत्याशी मुरतंय का, शोषखड्डा घरापासून किती लांब आहे, स्लॅबची पन्हाळ कुठे सुटते, निलगिरी-सुबाभूळ भिंतीला खेटून आहे का, हे पाहावं. घराभोवती पाच फूट रुंदीची, बाहेर उताराची फरसबंदी करावी आणि उसाचं पाट-पाणी त्याहून लांब ठेवावं. पुष्कळ घरांच्या भेगा एवढ्यानेही थांबतात. पण यात गवंड्याला मजुरी नाही आणि ठेकेदाराला बिल नाही, म्हणून हा सल्ला सहसा मिळत नाही.

घरकुलांचा प्रश्न वेगळाच. २०१६ला सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुलासाठी सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये अशी रक्कम धरली. सपाटीत मुरूम आणि काळी एकाच भावाने मोजली गेली. ज्याचं घरकुल माळावर, त्याच्या भिंती उभ्या राहतात; ज्याचं काळीत, त्याचे पैसे जोत्यापर्यंतच संपतात, किंवा जोतं उथळ ठेवून वाचवले जातात.

मातीची चाचणी तरी काय मोठी असते? चाळलेली दहा ग्रॅम माती पाण्याच्या काचनळीत, तेवढीच रॉकेलच्या काचनळीत, आणि एक दिवस वाट पाहायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते; दोन्हींतला फरक डोळ्यांनी दिसतो. तो रॉकेलमधल्या मातीच्या निम्म्याहून जास्त असेल तर पायाचा वेगळा विचार करावा लागतो. प्लॉट घेताना सातबारा, फेरफार, रस्ता, शेजारी, दिशा, सगळं पाहिलं जातं. खाली काळी किती फूट आहे, हे बहुतेकांना जेसीबी आल्यावरच कळतं, आणि तोवर मुहूर्त झालेला असतो.