प्रवेश मिळाला, पण आसरा कुठे?

उच्च शिक्षणातील राखीव जागांसाठी आम्ही लढलो आणि यापुढेही लढू. परंतु प्रवेशाच्या यादीत नाव लागले म्हणजे लढाई जिंकली, या भ्रमात समाजाने राहू नये.

बाबासाहेबांना हे पुरते ठाऊक होते. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ मध्ये सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. तेथे वर्ग सकाळी भरवले, कारण नोकरी करून शिकणाऱ्या पोरांना दुसरी वेळच नव्हती. १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले. नागसेनवनात त्याच्या जोडीला वसतिगृहेही आली. वर्गाचे दार उघडून भागत नाही. डोक्यावर छप्पर आणि पाठीवर हातही लागतो, हा त्यामागचा विचार होता.

प्रस्थापितांच्या संस्थांनी हा धडा गिरवलाच नाही. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना छळामुळे वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर एकत्र राहणे भाग पडले, हे थोरात समितीने २००७ मध्ये सांगितले. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादेत रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. प्रवेश तर दोघांनाही मिळाला होता!

कायदा नाही असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष हवा, भेदभावविरोधी अधिकारी हवा. हे नियम कागदावर राहिले म्हणून रोहित आणि पायल यांच्या मातांना २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे नियम आणले. न्यायालयाने त्याच महिन्यात त्यांना स्थगिती देऊन २०१२ चेच नियम लागू ठेवले.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. जयंतीची वर्गणी काढणाऱ्या प्रत्येक मंडळाने आपले दोन कार्यकर्ते जवळच्या महाविद्यालयात पाठवावेत आणि प्राचार्यांना विचारावे : कक्ष कोठे आहे? अधिकारी कोण? शिष्यवृत्ती कधीपासून थकली? खेड्यातून आलेली आमची पोरे राहतात कोठे? उत्तर लेखी मागावे. नोकरदार बांधवांनी आपल्या शहरात नव्याने आलेल्या एका तरी विद्यार्थ्याची विचारपूस करावी, त्याला घरी जेवायला बोलवावे.

श्रद्धांजलीच्या सभा आम्ही पुष्कळ घेतल्या. आता पोर जिवंत असताना त्याच्या पाठीशी उभे राहू या.