नाव आणि भाव : नेफ्रॉप्सची मासेमारी व युरोपीय बाजारपेठ

कोणत्याही मालाचा भाव मागणी व पुरवठा यांच्या परस्परसंबंधातून ठरतो, हे अर्थशास्त्रातील प्राथमिक सूत्र सर्वपरिचित आहे. या सूत्रात 'माल' म्हणजे काय, हा प्रश्न मात्र सुटलेला आहे असे गृहीत धरलेले असते. धान्याच्या वा कापसाच्या बाबतीत प्रतवारीचे नियम रूढ झालेले असल्यामुळे हे गृहीत फारसे खटकत नाही. मासळीच्या, आणि विशेषतः कवचधारी जलचरांच्या, बाजारात मात्र ते पदोपदी अडते. युरोपातील नेफ्रॉप्स नॉर्वेजिकस हा प्राणी याचे उत्तम उदाहरण होय. जीवशास्त्राच्या दृष्टीने ती एकच जात. परंतु ती जाळ्यातून आली की पिंजऱ्यातून, जिवंत आली की शेपट्या तोडून, आणि कोणत्या नावाखाली विकली गेली, यांनुसार तिचे दोन निरनिराळे बाजार बनले आहेत. या दोन बाजारांची घडण कशी आहे, त्यांतील भाव कसे ठरतात आणि त्या भावांचे परिणाम पुन्हा समुद्रापर्यंत कसे पोहोचतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. प्राणी आणि त्याचे बीळ

या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन लिनीयसने १७५८ साली केले व त्याला खेकड्यांच्या वर्गात घातले. पुढे १८१४ मध्ये विल्यम लीच याने त्याच्यासाठी 'नेफ्रॉप्स' ही स्वतंत्र प्रजाती कल्पिली. ग्रीक भाषेतील 'मूत्रपिंड' आणि 'डोळा' या अर्थांच्या शब्दांपासून हे नाव बनले असून प्राण्याच्या डोळ्यांच्या आकारावरून ते दिलेले आहे. कोकणच्या किनाऱ्यावरील शेवंडीशी त्याची तुलना करता येईल. मात्र आपल्याकडील शेवंडीला नांग्या नसतात, तर नेफ्रॉप्सला लांब, सडपातळ व काटेरी नांग्या असतात.

आइसलँड व नॉर्वेपासून मोरोक्कोपर्यंतच्या अटलांटिक किनाऱ्यालगत आणि भूमध्य समुद्रात हा प्राणी आढळतो. समुद्रतळाच्या मऊ चिखलात बीळ करून तो राहतो. त्यामुळे जेथे तसा चिखल आहे तेथेच त्याची वस्ती असते. बिळाबाहेर पडण्याची त्याची वेळ प्रकाशावर अवलंबून असते: उथळ पाण्यात तो रात्री किंवा संधिप्रकाशात बाहेर येतो, खोल पाण्यात दिवसा. अंडी धारण केलेल्या माद्या शरद व हिवाळ्याचे महिने बहुतांशी बिळातच काढतात. म्हणून त्या काळातील पकडीत नरांचे प्रमाण अधिक असते. ओढून नेलेल्या जाळ्यात बिळाबाहेरचाच प्राणी सापडतो. तेव्हा एखाद्या दिवशी पकड कमी झाली, तर प्राणी कमी झाले असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. ते केवळ घरात असतील.

२. नावांचा पसारा

या एका जातीला युरोपीय भाषांत जितकी नावे आहेत, तितक्या तिच्याकडे पाहण्याच्या दृष्टीही आहेत. नॉर्वेजियन व स्वीडिश भाषांतील नावांचा अर्थ 'समुद्रातील झिंगा' असा होतो. डॅनिश भाषेत तिला 'कुमारी शेवंड' म्हणतात, तर जर्मन भाषेने तिला सम्राटपद बहाल करून 'कैझरग्रानाट' हे नाव दिले आहे. फ्रेंच 'लांगूस्तीन' हा 'लांगूस्त' या शब्दाचा लघुत्वदर्शक प्रकार असून त्याचे मूळ लॅटिन 'लोकुस्ता', म्हणजे टोळ, या शब्दात आहे. स्पॅनिश 'सिगाला'चे मूळही एका कीटकाच्याच, म्हणजे कर्कश आवाज काढणाऱ्या सिकाडाच्या, लॅटिन नावात सापडते. इटालियनमध्ये एकवचनी 'स्काम्पो' व अनेकवचनी 'स्काम्पी' अशी रूपे आहेत.

इंग्रजीत याच प्राण्याला नॉर्वे लॉब्स्टर, डब्लिन बे प्रॉन, लँगूस्टीन आणि स्कॅम्पी अशी चार नावे प्रचलित आहेत. स्कॉटलंडचे मच्छीमार तर त्याला नुसते 'प्रॉन' म्हणतात. ही नावे समानार्थी दिसली, तरी व्यवहारात ती परस्परांची जागा घेत नाहीत. 'लँगूस्टीन' म्हटले म्हणजे नांग्यांसह अखंड प्राणी, बहुधा उपाहारगृहाच्या ताटात मांडलेला. 'स्कॅम्पी' म्हटले म्हणजे त्याच्या शेपटीतील मांस, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले. इटालियनमधील अनेकवचन इंग्रजीत येताना संख्यावाचकता गमावून पदार्थवाचक झाले, हे येथे लक्षणीय आहे: प्राणी मोजता येतात, पदार्थ तोलावा लागतो. मराठीत सोललेल्या व वाळविलेल्या कोळंबीला 'सोडे' म्हणतात. तेथेही अवस्था बदलताच नाव आणि भाव ही दोन्ही बदलतात.

'स्कॅम्पी' या शब्दाचा प्रवास एवढ्यावर थांबला नाही. अमेरिकेत तो लसूण व लोणी घालून कोळंबी शिजविण्याच्या पद्धतीचे नाव झाला. भारताच्या निर्यात-व्यापारात तर तो गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीला, म्हणजे मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी या सर्वस्वी निराळ्या जातीला, लावला जातो. नाव इतके सैल झाले की खरेदीदाराचे संरक्षण शास्त्रीय नावानेच करावे लागते. युरोपीय संघाच्या २०१३ च्या १३७९ क्रमांकाच्या विनियमाने मासळीच्या किरकोळ विक्रीत व्यापारी नावाबरोबर शास्त्रीय नाव, पकडीचे क्षेत्र आणि वापरलेल्या साधनाचा प्रकार नमूद करणे बंधनकारक केले, त्याचे मर्म हेच आहे.

३. पकड, प्रत आणि लिलाव

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश मच्छीमारांच्या दृष्टीने नेफ्रॉप्स हा जाळ्यात अडकणारा निरुपयोगी जीव होता व तो बहुधा परत समुद्रात टाकला जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर तळलेल्या स्कॅम्पीची चटक लागली, आणि १९५० नंतरच्या दशकांत त्याच प्राण्यासाठी स्वतंत्र नौका बाहेर पडू लागल्या. आज स्कॉटलंडच्या मासेमारीत मूल्याच्या दृष्टीने तो अग्रगण्य मालांपैकी एक आहे.

पकडण्याच्या रीती मुख्यतः दोन. पहिली ट्रॉलची: तळाशी जाळे ओढून नेले जाते, व एकूण पकडीचा फार मोठा भाग याच रीतीने मिळतो. जाळ्यात प्राणी एकमेकांवर व इतर मासळीवर दाबले जातात. मोठे व धडके नग अखंड ठेवून लहान नगांच्या शेपट्या नौकेवरच तोडून घेतात. शेपटीच्या वजनाला तीनाने गुणून जिवंत वजन काढण्याची अधिकृत रीत आहे. म्हणजे तीन किलो पकडीतून एक किलो विक्रेय माल उरतो. दुसरी रीत पिंजऱ्यांची: आमिष लावलेले पिंजरे दोरीला ओळीने बांधून तळाशी सोडतात व काही काळाने वर काढतात. त्यांत सापडलेला प्राणी जिवंत व अखंड असतो. नांग्यांनी एकमेकांना इजा करू नयेत म्हणून हे प्राणी नळीसारख्या स्वतंत्र कप्प्यांत ठेवले जातात आणि थंड पाण्याची सोय असलेल्या वाहनांतून स्पेन, फ्रान्स व इटलीकडे रवाना होतात.

मेल्यानंतर या प्राण्याचे डोके लवकर काळवंडते व मांस सैल पडते. म्हणून जिवंतपणा हीच पहिली प्रत, आणि आकार ही दुसरी. आकार किलोमागे किती नग चढतात यावरून मोजतात. नग जितके कमी, तितका भाव अधिक. पिंजऱ्यातील जिवंत मालाला ट्रॉलच्या मालापेक्षा किलोमागे दुपटीहून अधिक भाव मिळणे ही नेहमीची गोष्ट आहे.

ब्रिटनीतील गिल्व्हिनेक बंदरात रोज समुद्रावर जाऊन येणाऱ्या नौका दुपार कलल्यावर जिवंत लांगूस्तीन उतरवितात. लिलावाच्या जागेला फ्रेंचमध्ये 'क्रिये' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ ओरडून पुकारणे. पुकारा जाऊन तेथे विद्युत्-यंत्रे आली, पण शब्द राहिला. मराठीत पोर्तुगीजांकडून आलेल्या 'लिलाव' या शब्दाबरोबर 'बोली' हा शब्द असाच टिकून आहे. तिसऱ्या प्रहरी उतरलेला जिवंत माल थांबू शकत नाही, त्यामुळे विक्रेत्याची सौदा करण्याची शक्ती घड्याळाबरोबर क्षीण होत जाते. पिंजऱ्याचा मच्छीमार आपला माल काही दिवस समुद्रातच कप्प्यांत सांभाळून भावाची वाट पाहू शकतो. हा त्याचा लहानसा, पण महत्त्वाचा फायदा होय.

४. सरासरी भावाची दिशाभूल

वार्षिक तक्त्यांत मात्र ही सर्व भिन्नता एका सरासरीत विरून जाते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका बंदरात एका महिन्यात किलोला ४ युरो दराने ८० किलो लहान माल आणि १० युरो दराने २० किलो मोठा माल विकला गेला. सरासरी भाव ५.२० युरो येतो. पुढील महिन्यात दर तेच राहिले, पण दोन्ही प्रतींचा माल ५० किलो आला. आता सरासरी ७ युरो होते. एकाही मच्छीमाराला कोणत्याही प्रतीसाठी एक पैसाही जास्त मिळालेला नसताना भाव सुमारे ३५ टक्क्यांनी 'वाढला' असे तक्ता सांगेल. ऋतूनुसार पकडीतील नर-मादी प्रमाण व आकार बदलत असल्यामुळे असा भास वारंवार होण्याचा संभव आहे.

पकडीच्या आकड्यांविषयीही अशीच सावधगिरी बाळगली पाहिजे. ब्रिटनमध्ये मासळीच्या पहिल्या खरेदीदारांची व विक्रेत्यांची नोंदणी सक्तीची होण्यापूर्वी बराच माल नोंदीविनाच उतरत असे. त्यामुळे २००६ च्या सुमारास नोंदलेल्या पकडीत दिसणारी वाढ ही समुद्रातील वाढ नसून बरीचशी वहीतील वाढ आहे.

प्राण्यांची खरी संख्या मोजण्याची अडचण याहून मूलभूत आहे. माशांचे वय कानातील अस्थिकणांवरील वलयांवरून काढतात. नेफ्रॉप्स कवच टाकून वाढतो, त्यामुळे तशी वलये हाती लागत नाहीत. यावर उपाय म्हणून १९९० नंतरच्या दशकात समुद्रतळावरून कॅमेरा लावलेली घसरगाडी ओढून बिळे मोजण्याची पद्धत रूढ झाली. १९०२ साली स्थापन झालेली व कोपनहेगन येथे कार्यालय असलेली आंतरराष्ट्रीय समुद्र-समन्वेषण परिषद चिखलाच्या प्रत्येक पट्ट्याला स्वतंत्र घटक मानून या मोजणीवरून किती पकड सोसेल याचा सल्ला देते. पकडीची कायदेशीर मर्यादा मात्र पुष्कळदा अनेक पट्टे मिळून बनलेल्या विस्तृत क्षेत्राला लागू होते. अशा वेळी सर्व मर्यादा एकाच पट्ट्यातून भरून काढण्यास कायद्याची आडकाठी राहत नाही.

५. भावामागचा समुद्रतळ

स्वस्त शेपट्यांचा बाजार मोठ्या वजनावर चालतो, आणि ते वजन बारीक छिद्रांच्या जाळ्यांनीच मिळते. ८० मिलीमीटरच्या आसपास छिद्रे असलेल्या जाळ्यातून कॉड व हॅडॉक यांची पिले सुटत नाहीत. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील क्लाइडच्या खाडीत १८८९ साली ट्रॉलला बंदी होती. १९६२ मध्ये ती अंशतः शिथिल झाली आणि १९८४ मध्ये किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आतील संरक्षणही उठले. एके काळी हेरिंगसाठी प्रसिद्ध असलेल्या या खाडीतील मासेमारी पुढे जवळजवळ नेफ्रॉप्स व स्कॅलप शिंपल्यांवरच येऊन ठेपली. उलट स्वीडनने २००४ पासून आपल्या किनारी पाण्यात ३५ मिलीमीटर अंतरावर गज असलेली जाळी ट्रॉलमध्ये बसविण्याचा मार्ग धरला. नेफ्रॉप्स गजांतून पलीकडे जातो, मोठा मासा वरून निसटतो.

यावरून पिंजऱ्याचा महाग बाजार हाच सर्व प्रश्नांचे उत्तर आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याचेही मर्म नाजूक आहे. मार्च २०२० मध्ये साथीमुळे दक्षिण युरोपातील उपाहारगृहे बंद झाली आणि जिवंत मालाची मागणी काही दिवसांतच कोसळली. २० डिसेंबर २०२० रोजी, नाताळच्या ऐन हंगामात, फ्रान्सने ब्रिटनकडून येणारी वाहतूक दोन दिवस रोखली, आणि जिवंत माल इंग्लंडच्या रस्त्यांवर खोळंबला. जानेवारी २०२१ पासून आरोग्य-प्रमाणपत्रांच्या व जकातीच्या नव्या कागदपत्रांनी विलंब वाढला, तेव्हा स्कॉटलंडच्या काही नौकांनी आपली मासळी थेट डेन्मार्कच्या बंदरांत नेऊन उतरविली. तळलेल्या शेपट्या गोठवून महिनोन्महिने ठेवता येतात. जिवंत प्राण्याला सीमेवरील एक दिवसही परवडत नाही. ज्या लहान नौकांनी समुद्रतळाला कमी इजा करणारी रीत पत्करली, त्यांनाच या धक्क्याचा मोठा भार सोसावा लागला.

तात्पर्य, नेफ्रॉप्सचा 'भाव' असा एकच एक आकडा अस्तित्वात नाही. एका नावाखाली दूरच्या ग्राहकावर व जिवंतपणावर उभा असलेला एक बाजार आहे. दुसऱ्या नावाखाली वजनावर व गोठवणुकीवर उभा असलेला दुसरा. पहिल्याला मोकळी सीमा व वेगवान वाहतूक लागते, दुसऱ्याला निवडक जाळी व पट्ट्यागणिक पकडीची मर्यादा लागते. म्हणून या मासेमारीविषयीचे कोणतेही धोरण किंवा संशोधन हाती घेताना तक्त्यातील सरासरी पाहण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले पाहिजेत: माल कोणत्या साधनाने पकडला, तो कोणत्या अवस्थेत उतरला, आणि कोणत्या नावाने विकला गेला. या तीन रकान्यांवाचून भरलेला तक्ता कितीही नेटका असला, तरी त्यात मच्छीमाराची मिळकत दिसणार नाही आणि समुद्रतळाची स्थितीही.