कृषी अवशेषांतून नैसर्गिक रंगाई : महिला गटांसाठी शाश्वत वस्त्रव्यवसाय

कांदाचाळीत झडणारी वाळकी साल, डाळिंबाचे दाणे काढल्यावर उरणारे टरफल आणि देवळांतून टाकून दिला जाणारा झेंडू या तिन्ही अवशेषांत कापड रंगविणारी द्रव्ये असतात. नाशिक व सोलापूर भागांत कांदा आणि डाळिंब मुबलक आहे. हिमाचल प्रदेशात रानडाळिंबापासून अनारदाना करताना टरफले उरतात. कच्चा माल स्वस्त आणि भांडवल मर्यादित असल्यामुळे हा व्यवसाय महिला बचत गटांना सुचविला जातो. परंतु पहिल्याच धुण्यात रंग उतरला, तर ग्राहक पुन्हा येत नाही. रंग काढणे सोपे असते, तो टिकविणे अवघड. व्यवसाय या दुसऱ्या कामावर उभा राहतो.

रंग का उतरतो?

रेशीम व लोकर हे प्रथिनयुक्त धागे नैसर्गिक रंग सहज धरतात. कापसाचा धागा सेल्युलोजचा असल्याने बहुतेक वनस्पतिज रंग त्यावर आपोआप पक्के बसत नाहीत. त्यासाठी रंगबंधक लागतो. हिरड्यातील टॅनिन कापसाला चिकटते, तुरटीतील ॲल्युमिनियम टॅनिनशी जोडले जाते आणि रंगद्रव्य ॲल्युमिनियमला बांधले जाते. ही साखळी तुटली की रंग पाण्याबरोबर जातो. बीटचा रंग आकर्षक दिसला तरी सुती कापडावर टिकत नाही. हळदीचा रंग उन्हात लवकर फिका पडतो. विक्रीच्या मालासाठी हे दोन्ही टाळावेत.

एक किलो सुती कापडासाठी कृती

१. धुलाई : कोरडे कापड वजन करून घ्यावे. 20 ते 30 लिटर पाण्यात सुमारे 20 ग्रॅम धुण्याचा सोडा व थोडा साबण घालून ते तासभर उकळावे आणि स्वच्छ धुवावे. पाण्याचा थेंब कापडात लगेच जिरला, तर कांजी व मेण निघाले असे समजावे.

२. हिरडा : 150 ते 200 ग्रॅम हिरड्याची पूड रात्रभर भिजवून गाळावी. त्या पाण्यात कापड काही तास बुडवून, पिळून, न धुता वाळवावे.

३. तुरटी : सुमारे 150 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून, पुरेसे कोमट पाणी मिसळून कापड रात्रभर ठेवावे. नंतर हलके खळबळावे.

४. रंगाई : कांद्याची वाळकी साल किंवा वाळलेला झेंडू अर्धा ते एक किलो, अथवा डाळिंबाच्या टरफलांची पूड 250 ते 300 ग्रॅम घ्यावी. तासभर उकळून गाळावे. या पाण्यात 70 ते 80 अंश सेल्सिअस तापमानाला कापड सुमारे तासभर हलवत राहावे, त्यातच थंड होऊ द्यावे आणि धुऊन सावलीत वाळवावे.

कांद्याच्या सालीपासून सोनेरी ते तांबूस, तर झेंडूपासून पिवळी छटा मिळते. रंगविलेले कापड 10 ते 20 ग्रॅम हिराकस विरघळविलेल्या पाण्यातून काही मिनिटे काढल्यास छटा हिरवट-राखाडी होते. हिराकस अधिक झाल्यास धागा कमकुवत होतो. उरलेल्या रंगजलात दुसऱ्या खेपेस फिक्या छटा रंगविता येतात.

पाण्याचे महत्त्व

लोहयुक्त पाण्याने पिवळा रंग मळकट होतो. कच्छमधील धमडका येथील अजरख कारागिरांना 2001 च्या भूकंपानंतर पाण्यातील वाढलेल्या लोहामुळे अडचण आली. त्यांच्यापैकी अनेक कुटुंबे नव्याने वसविलेल्या अजरखपूर येथे गेली. म्हणून जागा ठरविण्यापूर्वी पाणी तपासून घ्यावे. भांडी स्टेनलेस स्टीलची असावीत; लोखंड, तांबे व ॲल्युमिनियम यांमुळे छटा बदलते.

चाचणी आणि नोंद

रंगीत तुकड्याला पांढरे कापड शिवून साबणाने धुवावे. पांढऱ्यावर डाग पडल्यास तो माल विकू नये. दुसरा तुकडा अर्धा झाकून आठवडाभर उन्हात ठेवावा आणि दोन्ही भागांची तुलना करावी. प्रयोगशाळेत धुण्यातील पक्केपणा 1 ते 5 आणि प्रकाशातील पक्केपणा 1 ते 8 या श्रेणीत मोजतात. घाऊक खरेदीदार हे आकडे मागू शकतात.

प्रत्येक खेपेची नोंदवही ठेवावी : कापडाचे व सालीचे वजन, पाण्याचा स्रोत, तापमान, वेळ आणि चिकटविलेला नमुना. मागणी पुन्हा आल्यावर तीच छटा देण्याचा दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

सुरक्षितता आणि किंमत

क्रोमियम व तांब्याचे क्षार रंगबंधक म्हणून वापरू नयेत. ‘नैसर्गिक’ मालाला विषारी जोड दिल्यास पर्यावरणाचा दावा पोकळ ठरतो. स्वयंपाकाची भांडी वेगळी ठेवावीत, पूड हाताळताना तोंडावर कापड व हातमोजे असावेत. तुरटी-हिराकसाचे पाणी विहिरीजवळ ओतू नये. उकळलेली साल कंपोस्टमध्ये जाते.

साल फुकट मिळाली तरी माल फुकट पडत नाही. कापड, इंधन, पाणी, बिघडलेली खेप आणि सर्वांत आधी सदस्यांच्या कामाचे तास किमतीत धरावेत. स्त्रियांचे श्रम हिशेबाबाहेर राहिले, तर विक्री वाढूनही गटाच्या हाती काही उरत नाही.

प्रारंभी एक वस्तू, उदाहरणार्थ सुती ओढणी, आणि दोनच छटा निवडाव्यात. विस्तार कार्यकर्त्यांनी कृषी विज्ञान केंद्रातील गृहविज्ञान तज्ज्ञांच्या साहाय्याने प्रात्यक्षिक घ्यावे आणि त्या दोन छटा सलग काही खेपांत सारख्या आल्यावरच गटाला कर्ज व मोठी मागणी स्वीकारण्याचा सल्ला द्यावा.