वाटाण्याएवढ्या ग्रंथीचा तीस वर्षांचा माग

1901 च्या डिसेंबरात अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 14 वर्षांची एक मुलगी उपचारासाठी आली. डोके असह्य दुखत होते, नजर मंदावत चालली होती. अंगावर मेद चढला होता, पण वयात येण्याची एकही खूण दिसत नव्हती. मेंदूत गाठ असावी, हे तरुण शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी ताडले. ती नेमकी कुठे, हे मात्र कळेना. त्यांनी तीनदा शस्त्रक्रिया केली आणि तिन्ही वेळा गाठीने हुलकावणी दिली. मुलगी दगावली. शवविच्छेदनात गाठ सापडली, पण जिथे कुशिंग यांनी शोधलेच नव्हते तिथे: पीयूषिका ग्रंथीत.

त्याच सुमारास व्हिएन्नात त्यांचे स्नेही आल्फ्रेड फ्रोलिश यांनी अशाच लक्षणांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली होती आणि पीयूषिकेकडे नेमके बोट दाखवले होते. उत्तर समोर असूनही आपल्याला ते दिसले नाही, ही सल कुशिंग यांच्या मनात रुतली. पुढची तीस वर्षे या ग्रंथीने त्यांचा पिच्छा सोडला नाही.

ही ग्रंथी जेमतेम वाटाण्याएवढी. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी हाडाच्या खळग्यात ती दडलेली असते. तिच्या अगदी वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. गाठ वर सरकू लागली की आधी याच नसा दाबल्या जातात. समोरचे दिसत राहते, पण दोन्ही बाजूंचे दृश्य हळूहळू पुसले जाते. गाठ आणखी फोफावली, तर मेंदूतील द्रवाचा मार्ग अडतो आणि डोक्यातला दाब वाढतो. मुलीच्या अधू नजरेचा उलगडा झाला. पण तिच्या स्थूलपणाचे आणि खुंटलेल्या वाढीचे काय?

ते उत्तर प्रयोगशाळेत मिळाले. कुशिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांची पीयूषिका काढून पाहिली. ती संपूर्ण काढली की बहुतेक कुत्री दगावत. काही भाग शिल्लक ठेवला, की ती जगत, पण लठ्ठ होत. पिल्लांची वाढ खुंटे, ती वयातच येत नसत. बाल्टिमोरच्या त्या मुलीचे चित्र जणू पुन्हा समोर उभे राहिले! गाठ केवळ दाबत नव्हती, ती ग्रंथीचे कामही बंद पाडत होती.

1909 मध्ये हातपाय आणि जबडा अवाजवी वाढलेला एक शेतकरी त्यांच्याकडे आला. त्याची ग्रंथी अतिरेकी काम करीत होती. कुशिंग यांनी नाकामागच्या बिकट वाटेने जाऊन ग्रंथीचा काही भाग काढला. शेतकऱ्याची डोकेदुखी ओसरली. 1910 ते 1925 या काळात त्यांनी याच वाटेने 231 गाठींवर शस्त्रक्रिया केल्या आणि मृत्यूचे प्रमाण 5.6 टक्क्यांवर रोखले.

एक कोडे मात्र सुटत नव्हते. 1910 मध्ये आलेली 23 वर्षांची एक तरुणी: गोल सुजलेला चेहरा, पोटावर जांभळे पट्टे, वाढलेला रक्तदाब, थांबलेली पाळी. बिघाड कोणत्या ग्रंथीत, याचा निर्णय होईना. कुशिंग यांनी ती नोंद जपून ठेवली आणि तशा रुग्णांच्या हकिगती ते गोळा करीत राहिले. 1932 मध्ये अशा 12 रुग्णांची कागदपत्रे त्यांनी एकत्र मांडली. शवविच्छेदन झालेल्यांपैकी बहुतेकांच्या पीयूषिकेत गाठ होती. त्यांतल्या काही गाठी तर इतक्या बारीक, की सूक्ष्मदर्शकाशिवाय हाती लागू नयेत. मेंदूवर यत्किंचितही दाब न आणता असा कण साऱ्या देहाची घडी विस्कटून टाकू शकतो, हे सत्य लख्ख उजळले.

अनेकांनी शंका घेतल्या. दोष मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचा आहे, असे काहींचे म्हणणे होते. 1939 मध्ये कुशिंग निवर्तले तेव्हा वाद मिटला नव्हता. 1960 च्या दशकात माँट्रियलमध्ये ज्यूल हार्डी यांनी शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक घेऊन तीच नाकामागची वाट धरली आणि निरोगी ग्रंथी शाबूत ठेवून तेवढी चिमुकली गाठ वेचून काढण्याचे तंत्र घडवले. गाठ निघाली की मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचा अतिरेक शमतो आणि रुग्ण सावरतो, हे पुढे वारंवार दिसून आले. कुशिंग यांचे अनुमान खरे ठरले. या विकाराला आज जग त्यांच्याच नावाने ओळखते.